उशाखालची डबी

आमच्या नवजात कक्षात कमी वजनाची बाळं रोजचीच. त्या दिवशीचं मात्र पूर्ण दिवसांचं होतं, आणि वजन 1 किलो 720 ग्रॅम. कातडी सैल, डोळे टक्क उघडे, हातपाय थरथरत होते. टाचेचं रक्त घेऊन साखर पाहिली, कमी निघाली. सलाइन लावल्यावर ती सुधारली, तरी थरथर पूर्ण थांबेना.

डॉक्टरांनी आईचा केसपेपर मागवला. बीपी ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी. व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’.

दूध काढून आणायला मी बाळंतिणींच्या वॉर्डात गेले, तर ही पोरगी कॉटवर बसून काळं बोट दातांवर फिरवतेय. उशाखाली मशेरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची डबी.

“दिवसाला किती वेळा गं?”

“पाच-सा येळा. पोटुशी असताना जास्तच, मळमळ थांबायची.”

तंबाखू खातेस का, असं तिला सगळ्यांनी विचारलं होतं. ती खात नव्हतीच!

सासू मध्ये पडली. “दात घासाय नको व्हय, सिस्टर? मी सोता तव्यावर भाजून देते, इकतची न्हाय.”

भाजून काळी केली तरी तिच्यातलं निकोटिन जात नाही. हिरड्यांतून ते रक्तात उतरतं, वारेकडचा रक्तपुरवठा घटतो, बाळ पोटातच उपाशी राहतं. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात असा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला तेवढंही जड जातं. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. घरातल्या तव्यावर कोण बंदी घालणार?

थरथर आईकडून मिळणारं निकोटिन जन्मल्यावर अचानक बंद झाल्यामुळेही असू शकते, असं डॉक्टर म्हणाले. सुनेला न झापता ते सासूशी बोलले, हे मला आवडलं. डबी भरणारा हात तिचाच. अंगावर पाजणं चालू ठेवायचं, पण मशेरी बंद, कारण निकोटिन दुधातूनही जातं.

दुसऱ्या दिवशी पोरीचं डोकं ठणकत होतं, शौचाला होत नव्हतं. त्यासाठी इसबगोल दिलं. डबी तिनं दोनदा मागितली. ती सासूच्या पिशवीत होती. “माझं वय झालं, मला काय हुतंय,” म्हणत म्हातारी स्वतः लावतच होती.

घरी सोडताना आशाताईंसाठीच्या चिठ्ठीत मी लाल पेनानं लिहिलं : ‘बाळाचं वजन, दूध, मशेरी. सासूचीही विचारा.’