‘नाही’चं बटण पहिल्याच पडद्यावर हवं

मी पुण्यात फ्रंट-एंडचं, म्हणजे वेबसाइटचा लोकांना दिसणारा भाग बनवण्याचं काम करते. आमचे बरेचसे क्लायंट जर्मनीतले आहेत, त्यामुळे कुकीच्या परवानगीची ती पट्टी आमच्याकडे किरकोळ गोष्ट नसते, तिच्यावर स्वतंत्र मीटिंग होतात. जवळपास प्रत्येक मीटिंगमध्ये मार्केटिंगचं कुणीतरी तीच मागणी करतं: ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’ मोठं आणि हिरवं ठेवा, नकार ‘सेटिंग्ज’च्या आत टाका. माझा याला ठाम विरोध असतो. आता कोर्टाचे निकाल दाखवता येतात म्हणून काम सोपं होतं, पण ते नसते तरी मी हेच म्हटलं असतं.

आधी हे सांगते की कुकी मुळात वाईट नाही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती तयार केली. वेबसाइटला आधीचं काहीच आठवत नसे; पान बदललं की सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही नवेच. मग ब्राउझरमध्ये एक छोटीशी नोंद ठेवायची आणि पुढच्या वेळी ती परत वाचायची, एवढीच ती युक्ती. तुमचं लॉगिन टिकतं, खरेदीच्या कार्टमधल्या वस्तू राहतात, ते तिच्यामुळे. अशा कुकीसाठी युरोपातही परवानगी विचारावी लागत नाही. प्रश्न येतो तो पानावर बसवलेल्या तिसऱ्याच कंपनीच्या कोडचा. जाहिरात कंपनीचा तोच कोड बातम्यांच्या साइटवर, चपलांच्या दुकानावर आणि दवाखान्याच्या पानावर असला, की तिन्हीकडे आलेला माणूस एकच आहे हे तिला कळतं. त्या माणसाला मात्र ती कंपनी तिथे हजर आहे याचाही पत्ता नसतो.

कुकीची पट्टी जीडीपीआरमुळे, म्हणजे युरोपियन युनियनच्या डेटा संरक्षण कायद्यामुळे आली असं बहुतेकांना वाटतं. जीडीपीआर लागू झाला २५ मे २०१८ ला. ‘आधी विचारा, मग कुकी ठेवा’ हा नियम त्याहून जुना, २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशातला आहे आणि २००९ च्या दुरुस्तीने त्यात संमतीची अट आली. जीडीपीआरने संमती कशाला म्हणायचं याची व्याख्या कडक केली. त्या जुन्या निर्देशामागचा विचार मला फार आवडतो: तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर हा तुमच्या खासगी आयुष्याचाच भाग आहे. आत काय ठेवलं, काय वाचलं, ते वैयक्तिक आहे की नाही, हे सगळं नंतर. उंबरठा ओलांडण्याआधी विचारायचं.

युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला प्लॅनेट४९ खटल्यात हेच स्पष्ट केलं. ही कंपनी ऑनलाइन बक्षीस योजना चालवत होती. भाग घ्यायच्या पानावर कुकीसाठी एक चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली. नको असेल तर ती तुम्ही काढायची. जर्मनीतल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने दावा लावला. न्यायालय म्हणालं, आधीच केलेली खूण ही संमती नव्हे. माणसाने स्वतः काहीतरी करून ‘हो’ म्हटलं पाहिजे. शिवाय कुकी किती काळ राहणार आणि आणखी कुणाला ती वाचता येणार, हेही सांगितलं पाहिजे. आम्ही जर्मन साइटवर प्रत्येक कुकीच्या नावापुढे कालावधीचा रकाना भरतो तो यामुळे. साइटवर कोण येतं-जातं ते मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या मुख्य कुकीची मुदत नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन वर्षं असते. एका बातमीसाठी आलेल्या माणसाला पुढची दोन वर्षं ओळखायची सोय! हा आकडा समोर लिहिला की क्लायंटही विचारात पडतो. लिहून दाखवण्याचा हा फायदा असतो.

मग आला बटणांचा मुद्दा. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने २०२१ च्या अखेरीस गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. कारण साधं होतं. स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. थकलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावरच हिशेब मांडलेला असतो. मार्च २०२५ मध्ये जर्मनीत हानोफरच्या प्रशासकीय न्यायालयानेही एका वृत्तपत्र कंपनीच्या प्रकरणात म्हटलं, की ‘सगळं स्वीकारा’ पहिल्या पडद्यावर असेल तर ‘सगळं नाकारा’सुद्धा तिथेच हवं. हा निकाल आला त्यानंतर आमच्या मीटिंग बऱ्याच छोट्या झाल्या.

या पट्ट्यांनी इंटरनेट वापरणं नकोसं केलंय, असं लोक म्हणतात. वैताग मला समजतो, पण तो नियमाने आणलेला नाही. दोन सारखी बटणं असलेली पट्टी दोन सेकंदांत संपते. वैताग येतो तो नकार शोधायला लागतो म्हणून, आणि शोधायला लागावा अशीच पट्टीची रचना केलेली असते म्हणून. ब्राउझरमध्ये एकदाच निवड करायची आणि साइटनी ती पाळायची, असा प्रस्ताव युरोपियन आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला आहे. तो प्रत्यक्षात आला तर मला मनापासून आनंद होईल, मग आमच्या कामातला हा भाग कमी झाला तरी चालेल.

आता आपल्याकडचं. आईच्या थायरॉइडच्या तपासणीचा रिपोर्ट बघायला मी एका लॅबची साइट उघडली होती. खाली पट्टी आली: ‘ही साइट वापरून तुम्ही कुकीजना संमती देता.’ बटण एकच, ‘ओके’. मी त्यावर काही न करता एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडला (पान कुणाकुणाला काय पाठवतं ते तिथे दिसतं), तर फेसबुकच्या पिक्सेलची, म्हणजे पानावर बसवलेल्या त्यांच्या माग काढणाऱ्या कोडची, विनंती आधीच गेलेली. तिच्यात ‘डीएल’ नावाचा भाग असतो, त्यात तुम्ही ज्या पानावर आहात त्याचा अख्खा पत्ता जातो. आणि पानाच्या पत्त्यात तपासणीचं नाव होतं. ‘ओके’ दाबायच्या आत आईच्या ब्राउझरमधून ही माहिती बाहेर पडली होती, म्हणजे ती पट्टी नुसती शोभेची.

आई शेजारी बसून बघत होती. तिला मी म्हटलं, हे ओके न दाबताही पुढे जाता येतंय बघ. ती म्हणाली, “नको गं, दाबून टाक. नाही म्हटलं आणि रिपोर्टच दिसला नाही तर?” संमती मोकळेपणाने दिलेली हवी असं कायदा का म्हणतो, ते मला या एका वाक्यात जितकं कळलं तितकं कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं.

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमतीच्या मुख्य तरतुदी मे २०२७ पासून लागू होणार आहेत. त्यात कुकी हा शब्दच नाही, आणि संरक्षण फक्त वैयक्तिक डेटाला आहे. उपकरणात शिरण्यापूर्वी विचारा, हा युरोपचा नियम आपल्याकडे आला नाही, ही मला मोठी उणीव वाटते. पण कलम ६ चांगलं आहे: संमती मोकळी, नेमकी, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. ‘साइट वापरून तुम्ही संमती देता’ हे यातल्या एकाही कसोटीवर टिकत नाही. शिवाय संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीत! अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यालाही कायद्याने मनाई केली आहे. मराठी शाळांची, क्लासेसची, दिवाळी अंकांची साइट बनवणाऱ्यांनी मे २०२७ ची वाट बघत बसू नये. पिक्सेलचा कोड आधी चालू न करता ‘परवानगी आहे’ दाबल्यावरच चालू करायचा, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि दुसरं बटण तितकंच मोठं ठेवायला तर तेवढाही वेळ लागत नाही.

त्या लॅबला मी स्क्रीनशॉटसह मेल केला आहे. रिपोर्टच्या पानांवरून पिक्सेल काढा, एवढीच मागणी. ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असं उत्तर आलं, पिक्सेल अजून तिथेच आहे. कायद्यानुसार डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्याआधी कंपनीकडे तक्रार करून झालेली असावी लागते. तरतुदी लागू होईपर्यंत पिक्सेल तसाच राहिला, तर त्या दिवशी मी लॅबकडे रीतसर तक्रार नोंदवणार आणि तिथे काही झालं नाही तर मंडळाकडे जाणार.