श्वास बाळाचा, कागद आईच्या नावाचे आणि खिडकी रेकॉर्ड रूमची

धाप लागलेल्या बाळाला ॲडमिट केलं की डॉक्टर खोकल्यापेक्षा त्याच्या जन्माबद्दल जास्त विचारतात. हे आधी ठाऊक असतं तर मी फाइल बगलेत मारूनच हॉस्पिटलात गेलो असतो. अर्थात फाइल हातात असती तर.

आमचा धाकटा तेव्हा चार महिन्यांचा. घणसोलीत धो धो पाऊस, मोठी ज्युनियर केजीतून सर्दी घेऊन आली. तिचं नाक वाहिलं आणि विषय संपला. याच्या मात्र श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, दूध अर्धवट सोडून धापा टाकायला लागला. जवळच्या हॉस्पिटलात नेलं तर ऑक्सिजन ९० च्या खाली. थेट पीआयसीयू, म्हणजे लहान मुलांचा आयसीयू. स्वॅबमध्ये आरएसव्ही निघाला, श्वसनमार्गाला धरणारा एक व्हायरस. हाय फ्लो ऑक्सिजन, नाकाचं सक्शन, नळीने दूध. सासरे परत परत विचारत होते, अँटिबायोटिक का नाही देत? तिथल्या डॉक्टर मॅडम न चिडता सांगत होत्या, काका, हा व्हायरस आहे, त्याला त्याचा उपयोग नाही. पीआयसीयूबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

पण मॅडमचे प्रश्न. कितव्या आठवड्यात झाला? ३३. वजन? पावणेदोन किलो. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) ऑक्सिजन किती दिवस होता, व्हेंटिलेटर लागला होता का, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला होता का, घरात कोणी सिगारेट ओढतं का, मोठं भावंड शाळेत जातं का. मला ती चौकशी वाटली, पण प्रत्येक प्रश्नामागे कारण होतं. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिकारशक्ती बरीचशी शेवटच्या आठवड्यांत मिळते, लवकर जन्मलेल्याला ती कमी पडते. त्याच्या श्वासनळ्या आधीच बारीक, सूज आली की रस्ताच बंद. जन्मानंतर बरेच दिवस ऑक्सिजनवर राहिलेलं फुफ्फुस नाजूक असतं. डाउन सिंड्रोम, प्रतिकारशक्तीचे किंवा स्नायूंचे आजार असलेल्या मुलांनाही हा व्हायरस जड जातो. आणि यातलं काहीच नसलेली धडधाकट बाळंही ॲडमिट होतात, हेही त्यांनीच सांगितलं. शेजारच्या बेडवर तसंच एक होतं.

आमचं घोडं इकोवर अडलं. जन्मानंतरच्या इकोत पीडीए दिसला होता, म्हणजे पोटात असताना लागणारी आणि नंतर आपोआप बंद व्हायला हवी अशी रक्तवाहिनी. ती उघडी असेल तर फुफ्फुसात जास्त रक्त जातं. किती मोठा होता, हे मॅडमना बघायचं होतं. हृदयाचे डॉक्टर ठरावीक वारीच येणार होते. वर टीपीएचीही, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीचीही, क्वेरी आली: जन्मजात आजार नाही ना, कागद पाठवा. मूळ कागद एनआयसीयूच्या क्लेमबरोबर विमा कंपनीकडे जमा होते. आमच्या झेरॉक्सवर एवढंच लिहिलेलं: ‘इको – रिपोर्ट पाहावा.’

म्हणून ठाण्याला, जिथे तो जन्मला त्या हॉस्पिटलच्या एमआरडीच्या, म्हणजे रेकॉर्ड रूमच्या, खिडकीवर. बाळाचं नाव सांगितलं, सापडेना. सापडणार कसं, तिथे तो अजून ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव! मग पेशंट आईच्या नावावर म्हणून अर्ज आईचाच हवा, मी बाप असलो तरी ऑथॉरिटी लेटर हवं, तिचं आधार हवं. ती पीआयसीयूच्या दाराशी बसलेली. व्हॉट्सॲपवर सही मागवली, तर म्हणे ओरिजिनल पाहिजे. परत ट्रान्स-हार्बर पकडून घणसोली, सही, परत ठाणे. तोवर लंच टाइम. नंतर कळलं, फाइल भिवंडीच्या गोडाऊनमध्ये. पैसे भरा, ७२ तास लागतील.

“मूल ऑक्सिजनवर आहे हो,” म्हटलं.
“साहेब, नियमच आहे ७२ तासांचा.”

नियम आहे खरा. मेडिकल कौन्सिलचा, २००२ सालचा. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागद द्यायचे, असं तो म्हणतो. खिडकीवर त्याचा अर्थ ७२ तास झाल्याशिवाय द्यायचे नाहीत असा झालाय. मी फोनवर नियम काढून दाखवला. आतल्या बाईंनी तो सावकाश वाचला आणि म्हणाल्या, बरोबर आहे, भिवंडीची गाडी उद्या येईल. आवाज मी चढवला, वॉचमन जवळ येऊन उभा राहिला, उपयोग शून्य.

इकडे हृदयाचे डॉक्टर आले, त्यांनी नवा इको केला. पीडीए बंद झालेला. आम्ही सुटलो, पण टीपीएला जुनाच कागद हवा होता! शेवटी बायकोला सुचलं, एनआयसीयूत ज्या डॉक्टरांनी पाहिलं त्यांचं नौपाड्यात क्लिनिक आहे. तिथल्या रिसेप्शनिस्टने कॉम्प्युटरमधून रिपोर्ट काढून चहा संपायच्या आत हातात ठेवला. तेव्हा अशी वेळ आली तर खिडकीच्या आधी डॉक्टरांचं क्लिनिक गाठा. क्लेमला मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा, पाठकोरं दिसलं तरी, फोटो काढा. एमआरडीत जाताना बाळाचं नाव विसरा, आईचं नाव आणि ॲडमिशनचा आयपीडी नंबर सांगा.

आणखी एक, मॅडमनी शिकवलेलं: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचे. डायपर कोरडा राहायला लागला तरी तेच. सहा महिने झाल्यावर फ्लूची लस त्याला दिली, त्याआधी आम्ही सगळ्यांनी घेतली. सासऱ्यांची विडी आता गेटबाहेर, आणि आल्यावर शर्ट बदलून मगच नातू.

क्लेम पास झाला. एमआरडीची कॉपी मी नंतर जाऊन घेतलीच. पैसे भरले होते.