विभागाच्या सिम्पोझियममधलं माझं पोस्टर

आमच्या जेनेटिक्स विभागाच्या वार्षिक सिम्पोझियममध्ये पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापासून प्रत्येकाला पोस्टर लावावंच लागतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश, लवकर उरकलं. गाइडनी ‘सिद्ध होतं’ खोडून ‘दिसतं’ केलं, एवढंच.

वेळ खाल्ला तो पोस्टरने. ए-झिरो, म्हणजे 84.1 बाय 118.9 सेंटिमीटरचा कागद रिकामा असताना मैदानासारखा वाटतो, पण आलेख टाकले की लगेच भरतो. मायक्रोस्कोपची चित्रं नेहमीच्या लाल-हिरव्या रंगांत होती, ती मॅजेंटा-हिरव्यात बदलून घेतली. लाल-हिरव्यातला फरक न कळणं बहुतेकदा एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांमुळे होतं आणि उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 पैकी एकाला तसा दोष असतो. हे शिकवणाऱ्यांच्याच गर्दीत तसली चित्रं कशी लावायची?

माझं काम फळमाश्यांवर आहे. नळी टेबलावर आपटली की माश्या तळाशी पडतात आणि पुन्हा वर चढू लागतात. वय झालं की चढण मंदावते. एक जनुक निकामी केलेल्या माझ्या म्युटंट माश्या, तुलनेसाठी ठेवलेल्या धड जनुकाच्या ‘कंट्रोल’ माश्यांपेक्षा, तरुणपणीच रेंगाळत होत्या. माशीवाल्यांना एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. यीस्टवाल्यांसाठी मात्र नळी का आपटायची, इथपासून सुरुवात! पण खरे प्रश्न त्यांच्याकडूनच येतात, कारण आपल्याला गृहीत वाटतं ते त्यांना वाटत नाही.

मक्यावर काम करणारे एक सर बराच वेळ आलेख बघत उभे होते. मग म्हणाले, “कंट्रोल माश्या त्याच वाणाच्या आहेत का? नाहीतर हा फरक त्या एकाच जनुकाचा कशावरून?” म्युटंट माश्यांचे कंट्रोलशी बॅकक्रॉस, म्हणजे बाकीची जनुकं सारखी व्हावीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा संकर, चालू आहेत, असं मी सांगितलं. 25 अंशांना माशीची पिढी साधारण 10 दिवसांत होते, म्हणजे बॅकक्रॉसच्या सहा पिढ्यांना दोन महिने. “आमच्याकडे एका पिढीला अख्खा हंगाम जातो,” ते हसले, “तुम्हाला सबब नाही.” शिवाय धड जनुक परत घालून चढण सुधारते का ते बघा, असंही सुचवलं.

बक्षीस पॉप्युलेशन जेनेटिक्सवाल्या मुलीला मिळालं, आणि तिचं पोस्टर होतंच तसं नेटकं. मी मात्र सर गेल्यावर ‘पुढील काम’ या चौकटीत त्यांची सूचना पेनाने लिहून टाकली. नंतर आलेल्या निम्म्या लोकांनी छापलेलं सोडून तेवढ्याबद्दलच विचारलं.