हवा ४१, मोटर ७३: नागपूरच्या उन्हाळ्यातला गिअरिंग लॉग

आधी गाडी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. रिमोट कंट्रोलचा १/१० स्केलचा ४×४ शॉर्ट कोर्स ट्रक, स्पर (मोटरवरच्या छोट्या गिअरनं फिरणारं मोठं गिअर) ५४ दात्यांचा, आतला रेशिओ २.८५, टायर ११० मिमी. मोटर ३६६० कॅनची (कॅन म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, आकडा त्याच्या मापाचा), चार पोल, सेन्सरलेस (रोटरची जागा सांगणारा सेन्सर नसलेली), ३२०० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३२०० फेरे). लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) २एस आणि ३एस, म्हणजे दोन आणि तीन सेलची, दोन्ही वापरतो. जागा म्हणजे बेसा-पिपळ्याकडचं एक रिकामं लेआउट: मुरमाचे रस्ते, प्लॉटांत गाजरगवत, कोपऱ्यात कोणाची तरी गिट्टी पडलेली. असली लेआउटं आपल्याकडे काही कमी नाहीत.

लॉग ठेवायचं कारण एवढंच की "मोटर किती डिग्रीपर्यंत चालते?" या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: १८० फॅरनहाइट, म्हणजे ८२ सेल्सिअस. उत्तर खोटं नाही, पण नागपुरात अर्धवट आहे. डिसेंबरच्या सकाळी हवा १६ असते, तेव्हा ८२ गाठायला मोटरला ६६ अंश चढावं लागतं. मे महिन्यात हवा ४५ असली की हातात उरतात ३७. आणि २०१३च्या मे महिन्यासारखी ४७.९ झाली तर ३४. गाडी तीच, दाते तेच, चालवणारा तोच, फक्त शिल्लक निम्म्यावर. म्हणून मी मोटरचं नुसतं तापमान लिहीत नाही. हवेपेक्षा ती किती अंश वर गेली, ती वाढ लिहितो. गिअरिंगचे सगळे निर्णय त्या वाढीवरच घेतो.

मोजणी

इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमच्या कॅनवर रोखली तर आकडा कमीच येतो, कारण चकाकता धातू उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि गनला आसपासचं प्रतिबिंब दिसतं. माझ्या कॅनवर उघड्या धातूचं रीडिंग ४६ आणि शेजारीच चिकटवलेल्या काळ्या इन्सुलेशन टेपचं ७८, एकाच क्षणी. टेपचा आकडा धरायचा. टेप वायरी निघतात त्या बाजूला लावा, नेहमी त्याच ठिकाणी.

आकड्यांवर किती विश्वास ठेवावा याचा धडा आपल्या शहराला मिळालेलाच आहे. ३० मे २०२४ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आमच्या पोट्ट्यांत तेव्हापासून कोणी अचाट आकडा सांगितला की समोरचा विचारतो, "रामदासपेठ का?"

दुसरं म्हणजे गाडी थांबल्याबरोबर एकदा आणि दोन मिनिटांनी परत मोजायचं. थांबली की वाहती हवा बंद होते, आतल्या वाइंडिंगची (तांब्याच्या वेढ्यांची) उष्णता बाहेर कॅनपर्यंत यायला वेळ लागतो आणि आकडा वर सरकतो. दोन्हींतला मोठा आकडा लॉगमध्ये. वाइंडिंग कॅनपेक्षा गरमच असते हे डोक्यात ठेवूनच ८२च्या आत राहायचं.

डिसेंबर ते एप्रिल

डिसेंबर, १३ दात्यांचा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गिअर), ३एस, मुरमाच्या रस्त्यावर दहा मिनिटं: हवा १६, मोटर ६२, वाढ ४६. गाडी सुंदर पळते, कोणाची तक्रार नाही. ५४ भागिले १३ गुणिले २.८५, म्हणजे फायनल ड्राइव्ह रेशिओ ११.८४. कागदावर ३एसला ताशी ६२ किमी आणि २एसला ४१ किमी. प्रत्यक्षात हवा आणि मुरूम त्यातून आपापला वाटा काढून घेतात.

एप्रिलची संध्याकाळ, काहीही न बदलता: हवा ३८, मोटर ८८, वाढ ५०. म्हणजे हवेचे २२ अंश वाढले ते सरळ अंगावर आलेच, वर आणखी ४ आले. हे चार कुठून आले, ते समजून घेण्यासारखं आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांची वाइंडिंग ९० झाली की रोध सव्वापट. त्याच वेळी रोटरमधली निओडिमियम चुंबकं गरम होऊन दर अंशाला टक्क्याचा दहावा हिस्सा, किंवा थोडी जास्तच, ताकद गमावतात. चुंबक मंदावलं की तेवढ्याच टॉर्कसाठी (फिरवण्याच्या जोरासाठी) जास्त अँपिअर लागतात, आणि तांब्यातली उष्णता अँपिअरच्या वर्गानं वाढते. दोन्ही गुणून पाहिलं तर ९० अंशांची मोटर त्याच कामासाठी थंड मोटरच्या जवळपास दीडपट उष्णता तांब्यात तयार करते. म्हणूनच एका मर्यादेपर्यंत आकडा हळूहळू चढतो आणि मग एकदम पळत सुटतो.

चुंबकांची गेलेली ताकद थंड झाल्यावर परत येते, पण मर्यादा ओलांडली तर थोडी कायमची जाते. साध्या ग्रेडची चुंबकं ८० अंशांची असतात, एसएच ग्रेडची १५०ची. स्वस्त मोटरच्या डब्यावर ग्रेड लिहिलेला नसतो. मी तो साधाच धरतो.

आता दाते. चाकाला लागणारा जोर तोच असेल तर मोटरवर येणारा टॉर्क पिनियनच्या दात्यांच्या प्रमाणात असतो. १३चा ११ केला की टॉर्क, आणि पर्यायानं करंट, ११/१३ होतो. त्याचा वर्ग ०.७२. दोन दाते कमी, तांब्यातली उष्णता २८ टक्के कमी! वेग मात्र ३एसला ६२वरून ५२ किमी, म्हणजे १५ टक्केच गेला. हा सौदा मला कधीही मान्य आहे. उलट १५चा लावला तर उष्णता ३३ टक्के जास्त आणि वेग कागदावर ७१, तोही ४०० फूट सरळ रस्ता मिळाला तर. लेआउटमध्ये तेवढ्यात प्लॉटचा दगड येतो.

११ लावून: हवा ३९, मोटर ७६, वाढ ३७. ५०चे ३७, म्हणजे २६ टक्के कमी. हिशेबाच्या इतक्या जवळ आकडा आला की मीच दोनदा मोजला.

मग हाव सुटली म्हणून १०चा लावला. काहीच फरक नाही, वाढ ३६-३७च. गिअर फार छोटा केला की मोटर सरळ रस्त्यावर सगळा वेळ वरच्या आरपीएमला किंचाळत राहते, आणि लोखंडातला, चुंबकांतला लॉस आरपीएमबरोबर वाढतो. तांब्यानं वाचवलं ते लोखंडानं खाल्लं. ३एस आणि ३२०० केव्हीला माझा तळ ११ आहे. २एसवर १० चालेल, पण त्यात मजा नाही.

पंखा

मैदानावर नेहमी येणारा एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काका, मोठा पंखा लावून टाका ना, पिनियन काहून बदलून राहिले?" पंखा आहेच. ४० मिमीचा, हीटसिंकच्या क्लॅम्पवर, ईएससीच्या (मोटरच्या स्पीड कंट्रोलरच्या) बीईसीवरून, म्हणजे त्यातूनच निघणाऱ्या कमी व्होल्टच्या पुरवठ्यावरून, ६ व्होल्टला. पण बॉडी शेलच्या आत तो तीच गरम हवा फिरवत बसतो. खिडक्या बंद करून कूलर लावला की काय होतं ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. मागच्या काचेच्या जागी आणि मोटरच्या वर शेल कापला, पुढच्या काचेत दोन खाचा दिल्या, आणि वाढ ३७वरून ३२ झाली, पंखा तोच. मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला हवा ४१ असताना मोटर ७३. शीर्षकातला आकडा तो.

पंखा उष्णता बाहेर काढतो, ती तयार होणं थांबवत नाही. पिनियन ते करतो. म्हणून आधी दाते, मग शेल कापणं, मग पंखा, हा माझा क्रम. दुकानदारांचा नेमका उलटा असतो आणि त्याचं कारण उघड आहे. शिवाय मुरमाची लाल धूळ छोट्या पंख्याचं बेअरिंग लवकर खाते. पंखा बंद पडलाय हे आवाजावरून कळत नाही, कारण मोटरचा आवाज त्यावर असतो. दर वेळी बोट लावून बघायचं.

केव्हीचा वाद

"कमी केव्हीची घ्या, टॉर्क जास्त, तापत नाही" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर दोन ओळी लिहितोच. कॅन तेच, तांबं तेवढंच भरलेलं, फक्त वेढे जास्त अशी मोटर घेतली, तर ठरावीक टॉर्कसाठी तांब्यात होणारी उष्णता तेवढीच राहते. वेढे वाढले म्हणून अँपिअर कमी लागले, पण तार बारीक आणि लांब झाली म्हणून रोध वाढला, हिशेब फिटला. कमी केव्हीबरोबर एक सेल वाढवला तर त्याच पॉवरला वायरी, कनेक्टर आणि ईएससीतून कमी करंट जातो, हा फायदा खरा आहे. मोटर थंड हवी असेल तर मोठं कॅन घ्या, ३६६०ऐवजी ३६७४. तांबं जास्त, लोखंड जास्त, तापायला वेळ जास्त. मात्र त्याचा शाफ्ट बहुतेकदा ५ मिमी असतो, ३.१७चा पिनियन बसणार नाही. आणि वजन मागे जातं, उडी मारताना नाक वर येतं.

मोठे टायर

एप्रिलअखेर एका दोस्ताच्या गाडीचे १२५ मिमीचे टायर लावून पाहिले. दिसायला राक्षस. पण १२५/११० म्हणजे १.१४, आणि १३ला १.१४नं गुणलं की पावणेपंधरा. म्हणजे पिनियनला हात न लावता आपण जवळजवळ १५ दाते लावले. मोठे टायर घेणाऱ्यानं त्याच दिवशी पिनियन दोन दाते खाली आणावा, नाहीतर मोटर कंपनीची कशी बोगस हे सांगत फिरावं लागतं.

गवताचंही तसंच. गाजरगवतात हळू चालवली तर मोटर मुरमापेक्षा जास्त तापते, कारण कमी वेगात जोर जास्त, वारा कमी, आणि सेन्सरलेस मोटर अडखळत अडखळत उचलते. ईएससीत पंच (उचलतानाचा झटका) खाली आणला की थोडं सुधारतं. टायमिंग (वेढ्यांना करंट किती आधी द्यायचा ते) वाढवू नका. आरपीएम मिळतो, उष्णताही मिळते, आणि उन्हाळ्यात दुसरीच आठवणीत राहते.

नवतपा

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी गाडी काढायचा प्रश्नच नाही. डांबर ६०च्या वर, लायपोची वरची मर्यादाही साधारण ६०च. पहाटे साडेपाच ते सात, नाहीतर सूर्य गेल्यावर. या दिवसांत ३एस कपाटात, २एस आणि १३चा पिनियन. वाढ २७च्या आसपास येते, हवा ३४ असली तर मोटर ६१, आणि दहा मिनिटांऐवजी अख्खा पॅक निवांत चालतो.

लायपोचं एक वेगळं लिहून ठेवतो. बहुतेक पॅकची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश असते. मे महिन्यात दुपारी गच्चीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर चार्जर मांडणारे त्या मर्यादेवरच बसलेले असतात. घरात, कूलरसमोर नाही पण कूलरच्या खोलीत चार्ज करा, दमट हवेचा झोत चार्जरवर नको. उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत भरलेला पॅक ठेवू नका. न वापरता पडणार असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. भरलेला आणि गरम, या अवस्थेत पॅक सगळ्यात लवकर फुगतो.

पिनियन बदलताना मेशसाठी (दोन गिअरच्या दात्यांतली फट बरोबर येण्यासाठी) वहीच्या कागदाची पट्टी मधे घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, पट्टी फिरवून काढायची. पट्टी फाटायला नको, दात्यांचे ठसे मात्र दिसायला हवेत. स्परच्या पूर्ण फेऱ्यात तपासा, प्लास्टिकचा स्पर क्वचितच पूर्ण गोल असतो. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर, थ्रेडलॉक लावून. आणि पिनियन सुटा असतानाच चाकं हातानं फिरवून बघा. हबच्या बेअरिंगमध्ये मुरूम गेला असेल तर तिथे जाणारा जोर मोटरच भरते. गिअरिंगला शिव्या देण्याआधी बारा बेअरिंग धुतलेली बरी.

पुढे

पावसाची पहिली सर आली की हवा २८-३०वर येईल आणि सगळ्यांना वाटेल सुटलो. माझा अंदाज उलटा आहे. लेआउटचा मुरूम संपला की काळी माती सुरू होते, ती टायरला थरावर थर चिकटते, चाकाचा व्यासही वाढतो आणि वजनही. शेलच्या कापलेल्या खिडक्यांतून चिखल आत येणार, म्हणून त्यांवर बारीक जाळी शिवायचं काम सध्या चालू आहे. जाळीनं हवा किती अडते ते कोरड्यात आधी मोजून ठेवतो: ११चा पिनियन, ३एस, तोच रस्ता, जाळीसह आणि जाळीशिवाय. वाढ ३५च्या आत राहिली तर जाळी राहील.