२८ दिवसांचा महिना

आपल्या पंचांगात महिन्याचे अनेक प्रकार आहेत. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो, सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जाईपर्यंतचा सौरमास तिसाच्या आगेमागे भरतो, आणि चंद्र फिरून त्याच नक्षत्रात येण्यावर मोजलेला नाक्षत्रमास सव्वासत्तावीस दिवसांपेक्षा जरासा मोठा निघतो. बरोबर २८ दिवसांचा महिना मात्र एकाही ज्योतिषाला सुचला नाही. तो मोबाईल कंपन्यांनी शोधला, आणि आज देशातील कोट्यवधी माणसे, पंचांग मानणारी आणि न मानणारीही, तो निमूटपणे पाळत आहेत.

या महिन्याचा गुण असा, की तो वर्षातून १२ ऐवजी १३ वेळा येतो. पंचांगातला अधिक मास साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांतून एकदा उगवतो आणि त्या निमित्ताने जावयाला ३३ अनारशांचे वाण मिळते. कंपन्यांचा अधिक मास दरवर्षी येतो आणि वाण आपल्याकडून कंपनीकडे जाते. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओची रोज दीड जीबी देणारी २८ दिवसांची योजना २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली. वर्षाचे १२ महिने धरले तर त्या योजनेचे ३,५८८ रुपये होतात, १३ धरले तर ३,८८७. एवढे करूनही १३ गुणिले २८ म्हणजे ३६४ च दिवस होतात. वर्षातला एक दिवस उघडाच राहतो. रक्कम एका माणसापुरती किरकोळ वाटते, आणि ती तशी वाटावी यातच या रचनेची खुबी आहे.

आमच्या घरातील रिचार्जचे खाते माझ्याकडे आहे. माहेर आणि सासर मिळून जेवढे क्रमांक माझ्या पदरी आहेत, त्यांतील प्रत्येकाची मुदत निराळ्या तारखेला संपते आणि २८ च्या कृपेने ती तारीख दर खेपेस दोन-तीन दिवसांनी अलीकडे सरकते. पगार, गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, दुधाचे बिल या सगळ्यांनी आपापल्या तारखा पक्क्या केलेल्या असतात. रिचार्जची तारीख तेवढी सतत भटकत राहते. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने या तक्रारीची दखल घेतली आणि ३० दिवसांची, तसेच दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी, अशी किमान एकेक योजना ठेवणे प्रत्येक कंपनीला बंधनकारक केले. त्या योजना आल्या आणि शोधल्या तर सापडतातही. परंतु ॲप उघडल्यावर ‘लोकप्रिय’ अशी पट्टी लावून जे पुढे केले जाते, ते २८, ५६ आणि ८४ यांचेच कुटुंब असते.

स्वस्ताईचा मुद्दा मी नाकारत नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला, जिओची सेवा सुरू झाली तेव्हा एक जीबी डेटासाठी दोनशे-अडीचशे रुपये मोजण्याची आपल्याला सवय होती आणि तो जीबी महिनाभर पुरवून पुरवून वापरला जाई. जिओने ३१ मार्च २०१७ पर्यंत तो फुकट दिला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाईल व्यवसाय एअरटेलकडे आला, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या, आणि खासगी क्षेत्रात मोजून तीन कंपन्या उरल्या. त्यानंतर डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या, आणि प्रत्येक वेळी तिन्ही कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने आपापले दर वाढवले. तरीही दर जीबीमागे पडणारी किंमत आजही जगात अत्यंत स्वस्तांपैकी आहे, हे खरे आहे. अडचण अशी की तो एक जीबी स्वस्तात कोणी सुटा देत नाही. रोजचा दीड जीबी घ्यावा लागतो, त्यातला जो वापरून होत नाही तो मध्यरात्री लयास जातो, आणि ज्या दिवशी मुलगा पाहत असलेला क्रिकेटचा सामना लांबतो त्या दिवशी तो संध्याकाळीच संपून वर पुन्हा ‘डेटा व्हाउचर’ घ्यावे लागते. न वापरलेले परत नाही आणि जास्त वापरलेले उधार नाही, असा हा रतीब आहे.

किंबहुना कंपन्यांचे लक्ष जीबीवर नाहीच. त्यांच्या तिमाही निकालांत ज्या आकड्याची सर्वाधिक चर्चा होते तो आहे दर ग्राहकामागे दर महिन्याला मिळणारा सरासरी महसूल, आणि तो ३०० रुपयांपर्यंत जायला हवा असे एअरटेलचे सुनील मित्तल वर्षानुवर्षे जाहीरपणे सांगत आले आहेत. आकडा ग्राहकाच्या डोक्यामागे मोजला जात असेल, तर कमी वापरणारा ग्राहक कंपनीला ओझे वाटू लागतो. २००३ मध्ये इनकमिंग कॉल फुकट झाले, २००५ च्या अखेरीस हजाराच्या आतबाहेर ‘लाइफटाइम’ प्रीपेड मिळू लागले, आणि मिस्ड कॉलवर संसार चालवणारी एक पिढी या देशात सुखाने नांदली. ते आयुष्य ग्राहकाचे नसून योजनेचे होते, हे २०१८ च्या अखेरीस कळले. त्या वेळी जुन्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली आणि नुसते फोन घेण्यासाठीही २८ दिवसांना ३५ रुपये द्यावे लागू लागले. तिथून पुढे आपण वापराचे पैसे देणे हळूहळू थांबवले आणि संपर्कात राहण्याचे पैसे देऊ लागलो.

हा बदल पचला, कारण तोवर मोबाईल क्रमांक हीच माणसाची ओळख झाली होती. बँकेचा ओटीपी, आधारची पडताळणी, गॅसची नोंदणी, शाळेची फी, इस्पितळाचा अहवाल, इमारतीच्या फाटकावर उभ्या असलेल्या पार्सलवाल्याला आत सोडण्याची परवानगी, हे सारे त्या दहा आकड्यांवर येते. क्रमांक बंद पडला तर बोलणे थांबेल याची भीती आता कोणाला राहिलेली नाही. आपण आपणच आहोत हे सिद्ध करता येणार नाही, याची आहे. असे ओलीस हाती असल्यावर दर वाढवणाऱ्याला फारसा युक्तिवाद करावा लागत नाही. (घरातील ब्रॉडबँड बंद पडले की त्याची तक्रार ज्या ॲपवर नोंदवायची, ते ॲप इंटरनेटवाचून उघडत नाही, म्हणून मोबाईलचा डेटा खर्चून तक्रार करावी, तर थोड्याच वेळात ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’ असा संदेश येतो आणि राउटरचा लाल दिवा तसाच राहतो.)

जी गोष्ट कंपन्यांची, तीच आपण जिथे जमतो त्या ठिकाणांची. व्हॉट्सॲप एके काळी पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर मागत असे आणि जानेवारी २०१६ मध्ये त्याने तेही सोडून दिले. त्याआधी दोन वर्षे फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला होता. एवढी किंमत मोजणारा पुढे डॉलरही घेणार नसेल, तर ती त्या संदेशांच्या यंत्रणेसाठी मोजलेली नव्हती, तिथे रोज हजर असणाऱ्या माणसांसाठी मोजली होती, एवढे आपल्याला तेव्हाही समजायला हरकत नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये खासगीपणाच्या नव्या अटी आल्या तेव्हा आमच्या सोसायटीत मोठा क्षोभ झाला. अनेकांनी सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घेतले, ‘आता इकडेच या’ असे निरोप दिले, आणि मग हे सर्व लोक एकमेकांची वाट पाहत त्या रिकाम्या ग्रुपवर बसून राहिले, कारण पाण्याचा टँकर किती वाजता येणार हे सेक्रेटरी व्हॉट्सॲपवरच सांगत होते. सगळे मिळून उठले असते तर उठता आले असते. पण सगळ्यांनी मिळून उठायचे कधी, हे ठरवण्याची जागाही तीच होती. त्या अटी स्वीकारा नाहीतर सेवा सोडा, या पवित्र्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तोपर्यंत आम्ही त्या अटी केव्हा मान्य केल्या, हेही आमच्या स्मरणात राहिले नव्हते.

फुकट ठिकाणी गर्दी जमली की तिथल्या पसाऱ्याला जागा लागते, आणि जागेला भाडे. गुगल फोटोजमध्ये अमर्याद छायाचित्रे विनामूल्य ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. पुढे अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही गुगलच्या त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. परिणामी नातेवाइकांनी पहाटे पाठवलेले गुलाब, दवबिंदू आणि सुविचार यांनी ते १५ जीबी भरून टाकले, मग ईमेल येणे थांबेल अशी सूचना आली, आणि १०० जीबीसाठी महिन्याला १३० रुपये भरणे हा राजमार्ग दाखवण्यात आला. ‘शुभ सकाळ’ म्हणायला नातेवाइकांना काही पडत नाही, ते ऐकून घेण्याचे भाडे मला पडते. इथला महिना निदान कॅलेंडरमधला असतो, याचे समाधान मानायचे.

भाडे भरले नाही तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झाले आणि त्याबरोबर महाविद्यालयातल्या मित्रमैत्रिणींनी एकमेकांविषयी लिहून ठेवलेल्या प्रशस्त्या गेल्या. याहू ग्रुप्स या ईमेल-चर्चागटांच्या सेवेवरील जुना मजकूर आधी काढण्यात आला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच संपली. परदेशी गेलेल्या मराठी माणसांनी पाककृतींपासून व्हिसाच्या शंकांपर्यंत जे काही त्या पत्रव्यवहारात साठवले होते, त्यातले ज्याने स्वतः उतरवून घेतले तेवढेच राहिले. त्या ठिकाणी लिहिणारे फुकट लिहीत होते, भांडणे सोडवणारे फुकट सोडवत होते, आणि चालवणाऱ्याला जाहिरातींतून पुरेसे मिळेनासे झाल्यावर त्याने दार लावून घेतले. त्याच्या ताळेबंदात आमच्या श्रमांचा रकाना कधीच नव्हता. उलट ‘मायबोली’सारखे संकेतस्थळ १९९६ पासून टिकून आहे, आणि त्यामागे त्याच भाषेतल्या काही माणसांनी ते आपले मानून सांभाळले, यापलीकडे मला दुसरे कारण दिसत नाही. हा व्यवसायाचा नमुना म्हणून कोणी गुंतवणूकदारापुढे मांडला, तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक नियम केला: ज्यांना इंटरनेट नको आहे त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसच्या योजना द्याव्यात, आणि अशा व्हाउचरची मुदत ९० दिवसांच्या मर्यादेऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता यावी. जानेवारी २०२५ मध्ये त्या योजना आल्या. जिओने मोठ्या मुदतीची योजना आधी ३६५ दिवसांची आणली, पण काही दिवसांतच तिच्या जागी ३३६ दिवसांची ठेवली, म्हणजे २८ ची १२ पट. वर्ष ३६५ दिवसांचे करण्याची मुभा मिळाली तरी हात त्याच पाढ्यावर गेला. तरीसुद्धा मला ती सोय बरी वाटली आणि चिपळूणला राहणाऱ्या माझ्या आईसाठी तशीच एक योजना घ्यावी असे मी ठरवले, कारण तिच्या रोजच्या दीड जीबीतला बहुतेक भाग मध्यरात्री वाया जातो हे मी तिच्याच फोनवर पाहिले होते. फोन घेता येतील, करता येतील, ओटीपी येतील, फक्त व्हॉट्सॲप चालणार नाही, असे मी तिला समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

“अगं, ग्रुपवर आठ दिवस माझा अंगठा दिसला नाही तर लोक चौकशीला फोन करतील,” ती म्हणाली, “आणि पंधरा दिवस दिसला नाही तर फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून मोकळे होतील.”

यावर ट्रायच्या नियमावलीत काही तोडगा नाही. मी तिच्या क्रमांकावर रोज दीड जीबीचा ८४ दिवसांचा पॅक भरला. पैसे भरताना त्या ॲपने रकमेवर दोन-तीन रुपयांची ‘प्लॅटफॉर्म फी’ लावली, आणि ती कशाबद्दल, हे पावतीवर कुठेही लिहिलेले नव्हते.