मायनस साडेबारा, आणि "लेसिक करून टाक ना"

आधी चष्म्याचा नंबर सांगते म्हणजे अंदाज येईल. उजवा मायनस ११, डावा मायनस १२.५, वर थोडा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. १०० ला नंबरने भागलं की जेवढे सेंटिमीटर येतात तेवढ्याच अंतरापर्यंत चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं, हे बारावीत फिजिक्सच्या क्लासला कळलं तेव्हा घरी येऊन पट्टी लावून बघितलं. डावा डोळा, ८ सेंटिमीटर. त्याच्या पुढे सगळा रंगांचा काला.

दुसरीत असताना पहिला चष्मा लागला तो पण सरळ अडीचचा. मग दरवर्षी वाढतच गेला, शाळेत ढापणी, कॉलेजात सोडावॉटर, नातेवाइकांकडून गाजर खा, बदाम खा, सकाळी गवतावर अनवाणी चाल. सगळं केलं, नंबर त्याच्या गतीने वाढला. अंधारात कुठे गेलो की आई आधीच ओरडायची, "पायरी आहे गं!" आणि मी चिडायचे की दिसतंय मला, आणि निम्म्या वेळा दिसत नसायचं.

चष्म्याच्या काचा १.७४ वाल्या, म्हणजे जवळजवळ सगळ्यात पातळ, तरी कडेला जाड दिसायच्याच आणि त्यांच्या आड माझे डोळे मटारएवढे. फ्रेम जेवढी लहान तेवढी काच कमी जाड हे मला पाचव्या चष्म्याला एका साध्या दुकानदाराने सांगितलं, तोपर्यंत मी फॅशनच्या नादात मोठ्या फ्रेम घेऊन दुप्पट पैसे घालवत होते. अठराव्या वर्षी कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या आणि खरं सांगते, पहिल्यांदा घातल्या तेव्हा जग मोठं झालं, कारण एवढ्या नंबरचा चष्मा सगळं बारीक करून दाखवतो, लेन्स बुब्बुळावरच (म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) बसते म्हणून तेवढं बारीक होत नाही. दहा वर्षं सुखात गेली. सुखात म्हणजे मी निष्काळजीपणा करत होते आणि नशीब साथ देत होतं, डबी नळाच्या पाण्याने धुणे, रात्रीच्या बसमध्ये लेन्स घालूनच झोपणे वगैरे. मग एकदा नागपूरहून पुण्याला तशीच झोपून आले आणि सकाळी डोळा लालबुंद, उजेड सहन होईना. बुब्बुळाला इन्फेक्शन. तीन आठवडे तासातासाला थेंब. त्यानंतर लेन्स घातल्या की दुपारपर्यंत वाळू गेल्यासारखं व्हायचं, ऑफिसचा एसी तर वैरीच.

तेव्हा "लेसिक करून टाक ना" सुरू झालं. लेसिक म्हणजे लेसरने बुब्बुळ घासून नंबर घालवायचं ऑपरेशन. सगळ्यांच्या ओळखीत कोणीतरी केलेलं असतं आणि त्याचा नंबर मायनस तीन असतो.

पहिल्या ठिकाणी गेले (नाव नको) तिथे डॉक्टरच्या आधी काउन्सेलर भेटली, तिने ऑफर सांगितली, या महिन्यात बुक केलं तर डिस्काउंट, मशीनवर दोन फोटो आणि "होऊन जाईल मॅडम". डोळ्यात थेंब घालून मागचा पडदा (रेटिना) कोणी बघितलाच नाही. मलाही तेव्हा कळत नव्हतं की बघायला हवा.

दुसरीकडे गेले ते निव्वळ आईच्या हट्टामुळे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच फोनवर सांगून ठेवलं, दोन आठवडे लेन्स घालायच्या नाहीत, नाहीतर बुब्बुळाचा आकार चुकीचा येतो. मग चार तास तपासण्या. मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला, तो मला फार आवडला, कारण कोणी मला हिशोबच दिला नव्हता. माझं बुब्बुळ ४९५ मायक्रॉन जाड. वरचा पापुद्रा उचलणार ११०. नंबर घालवायला घासावे लागणार दीडशेच्या आसपास. उरतात २३५. खाली निदान २५० तरी राहायला हवेत, त्या स्वतः ३०० धरतात, नाहीतर बुब्बुळ पुढे फुगायची भीती. "म्हणजे तुमचं लेसिक नाही," असं म्हणून पेन ठेवलं. मी खरंतर रडायच्या बेतात होते.

पण मुद्दा पुढेच होता. बाहुली मोठी करून पडदा बघितला तर डाव्या डोळ्यात कडेला पडदा विरलेला आणि तिथे एक बारीक भोक. मला काहीच जाणवत नव्हतं, ना चमक ना काळे ठिपके. माझ्या डोळ्याची लांबी निघाली २७.६ मिलिमीटर, साधारण माणसाची २४ च्या आत-बाहेर असते. आई शेजारीच बसलेली, ती म्हणाली, "म्हणजे पोळी जास्त लाटली की कडेला फाटते तसं." डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच काकू. त्याच दिवशी भोकाभोवती लेसर मारला, दहा-पंधरा मिनिटं, हिरवे झगझगीत फटाके आणि डोळ्यामागे ठणका. चष्मा घालवायला गेलेली मी पडदा वाचवून आले.

मग जे राहिलं ते आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत, बाहुलीमागे, स्वतःच्या भिंगाच्या पुढे एक मऊ लेन्स बसवायची. बुब्बुळ घासायचं नाही, उद्या लागलंच तर काढता येते. पण त्यालाही आत जागा लागते, माझी पुरेशी निघाली, बुब्बुळाच्या आतल्या पेशींची मोजणी झाली, मग मापं पाठवून लेन्स मागवली, सिलिंडरची असल्याने यायला दीड महिना.

पैसे दोन लाखांच्या वर. इथे एक कामाची गोष्ट सांगते. मेडिक्लेमवाले चष्म्याच्या नंबरचं ऑपरेशन देत नाहीत असं सगळे म्हणतात, पण ते कलम नीट वाचा, त्यात ७.५ पेक्षा कमी नंबर वगळलाय. माझा त्याच्या वर. तरी कॅशलेस नाकारलं, कारण काय तर "कॉस्मेटिक". मी जुन्या चष्म्यांचे कागद, डॉक्टरांचं पत्र आणि ते कलम पिवळ्या पेनाने रंगवून पाठवलं, तीन मेल, मग बरेचसे पैसे परत आले. पॉलिसी तीन वर्षं जुनी होती म्हणून वेटिंग पिरियडची अडचण नव्हती, तुमची आधी बघून घ्या.

ऑपरेशन दोन वेगळ्या दिवशी, थेंबांनीच बधिर केलं, टाका नाही. दुखलं नाही पण दाबल्यासारखं वाटतं आणि दिव्याकडे बघत राहणं जड जातं. दोन आठवडे डोक्यावरून पाणी नाही, डोळा चोळायचा नाही, थेंबांचं टाइमटेबल फ्रिजवर. तिसऱ्या दिवशी बसून आंघोळ करताना पहिल्यांदा बाथरूमच्या टाइल्स चष्म्याशिवाय दिसल्या. इतकी वर्षं मी ते बाथरूम स्वच्छ समजत होते!

रात्री दिव्यांभोवती कडी दिसायची, आता मन तिकडे जात नाही, पण पावसात गाडी चालवताना जातंच. आणि डोळ्याची लांबी तेवढीच आहे, २७.६. फाइलवर अजून हाय मायोपिया लिहिलेलं असतं, वर्षातून एकदा थेंब घालून पडदा दाखवायचा. मागच्याच महिन्यात गेलो होतो, बाहुल्या मोठ्या, ऊन टोचतंय, बाहेर पडताना आईने दंड धरला आणि म्हणाली, "पायरी आहे गं." होतीच.