बडोद्यात अर्धा कोयता

बडोदा स्टेशनवरून अलकापुरीच्या बाजूला बाहेर पडलात तर उगाच रिक्षा करावी लागेल. सयाजीगंजाकडून निघा, विद्यापीठाचा घुमट चालत गाठता येतो. हंसा मेहता याच विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ला मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमातलं 'ऑल मेन' खोडून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावलं ते या बाईंनी. मानवी हक्कांवरच्या माहितीपटांचा महोत्सव त्यांच्या विद्यापीठाच्या गावात होतो आणि सबटायटलची फाइल कुणी शेवटपर्यंत तपासत नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर फुकट प्रवेश होता. पहिला दिवस भाषणांत गेला. दुपारी सेव-उसळ खाल्ली; वरची तिखट तर्री दोनदा मागून घ्यावी, मिसळीची आठवण काढू नये.

दुसऱ्या दिवशी बीडच्या ऊसतोड कामगारांवरचा मराठी माहितीपट होता, खाली इंग्रजी सबटायटल. चित्र सेकंदाला २४ फ्रेमचं, सबटायटल मात्र २५ फ्रेमच्या, म्हणजे जरा जोरात पळणाऱ्या प्रतीवरून केलेलं. अशा वेळी अक्षरं दर मिनिटाला अडीच सेकंद पुढे पळतात. सुरुवातीला कळत नाही, कारण पहिलं वाक्य बरोबर बसतं, आणि तपासणारे तेवढंच बघून उठतात. चाळिसाव्या मिनिटाला फरक शंभर सेकंदांवर गेला. पडद्यावरची बाई मोळ्या बांधता बांधता जावेची थट्टा करत होती, आणि खाली तिची गर्भपिशवी काढल्याचं उमटून गेलं. अर्धं सभागृह गप्प. ती खरंच ते सांगायला लागली तेव्हा खाली पुढचा कुठलासा विनोद आला आणि तेच लोक हसले. मराठी येणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

लॅपटॉपवरचा मुलगा सबटायटल मागे सरकवायला 'एच' दाबत राहिला. व्हीएलसी प्लेअरमध्ये एका दाबाला ५० मिलिसेकंद, म्हणजे शंभर सेकंदांसाठी दोन हजार वेळा. तेवढं करूनही पुढच्या मिनिटाला पुन्हा अडीच सेकंद जाणारच. फाइल सबटायटल एडिटरमध्ये उघडून फ्रेम रेट २५चा २४ करायचा, एवढंच काम. मग पहिला, मधला आणि शेवटचा संवाद लावून बघायचा. शेवटी एका विद्यार्थिनीने हे केलं आणि चित्रपट पहिल्यापासून लावला. चहाची सुट्टी गेली, गेली तर गेली.

अक्षरं जाग्यावर आल्यावर दुसरी खोट दिसली. 'उचल'चं 'ॲडव्हान्स' ठीक. मुकादम ती हंगामाआधीच देतो आणि मग माणूस बांधला जातो. 'खाडा'चं मात्र नुसतं 'ॲब्सेन्ट'. त्या दिवशी पैसे कापले जातात हे त्यात कुठे आलं? पाळीमुळे खाडा नको म्हणून पिशवी काढणाऱ्या बायांची गोष्ट या शब्दावर उभी आहे. आणि 'आमचा कोयता' म्हटलं की खाली 'अवर सिकल'.

प्रश्नोत्तरांत मागून एका गुजराती मुलाने विचारलं, एका विळ्याला एवढी उचल कशी?

दांडिया बाजारातून आलेल्या एक आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अरे, विळा नाही तो. कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता."